फ्रँकेन्स्टाईनची गोष्ट भस्मासुराची की कर्णाची? दिघीच्या खाडीवरून समजून घ्या २०० वर्षांपूर्वीची कादंबरी

दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या जंगलजेट्टीवर गाडी चढवली की पुढचा काही वेळ करायला फारसं काही नसतं. रेंज असेल तर लोक मोबाइल काढतात, नसेल तर खाडी बघतात. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी शेकडो वर्षं उभा असलेला जंजिरा आहे. याच खाडीत दिघी बंदराचा धक्का आहे. एक किल्ला, एक बंदर. दोन्ही माणसाच्याच महत्त्वाकांक्षेतून उभे राहिले.

अशा मोठ्या प्रकल्पांवर वाद सुरू झाला की मराठीत एक शब्द हमखास येतो: भस्मासुर. 'विकासाचा भस्मासुर', 'तंत्रज्ञानाचा भस्मासुर'. इंग्रजी बातम्यांमध्ये याच जागी 'फ्रँकेन्स्टाईन' हे नाव येतं. आता तर मोबाइलवरच्या एआयपासून शेतातल्या बियाण्यापर्यंत सगळ्यांना हे नाव लावलं जातं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांचा याच नावाचा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला आणि ही गोष्ट पुन्हा चर्चेत आली.

पण भस्मासुर आणि फ्रँकेन्स्टाईन ही एकच गोष्ट आहे का? मूळ कादंबरी वाचली तर उत्तर 'नाही' असं येतं. आणि हा फरक दिघीसारख्या गावासाठी महत्त्वाचा आहे. कसा, ते समजून घेऊ.

थोडक्यात

• 'फ्रँकेन्स्टाईन' हे राक्षसाचं नाव नाही. ते त्याला बनवणाऱ्या तरुणाचं आडनाव आहे.
• मेरी शेली यांनी ही कादंबरी १८१६ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी लिहायला घेतली. ती १ जानेवारी १८१८ रोजी प्रसिद्ध झाली.
• गोष्टीतली मुख्य चूक 'बनवलं' ही नाही. 'बनवून सोडून दिलं' ही आहे.
• बीटी कापूस असो, जनुक-संपादन असो की दिघी बंदर, प्रश्न तोच आहे: बनवल्यानंतरची जबाबदारी कोणाची?

फ्रँकेन्स्टाईन नेमकं कोणाचं नाव?

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चपट्या डोक्याचा, मानेत बोल्ट असलेला, हळूहळू चालणारा राक्षस येतो. हे रूप कादंबरीत नाही. ते १९३१ च्या हॉलिवूडपटातलं आहे. त्यात बोरिस कार्लोफ यांनी ती भूमिका केली आणि ते रूप जगभर पसरलं.

कादंबरीतल्या जिवाला नावच नाही. तो आठ फूट उंच आहे, त्वचा पिवळसर, केस काळेभोर. तो मुका नाही. उलट तो उत्तम बोलतो, वाचतो, वाद घालतो. मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट' आणि प्लुटार्कची चरित्रं त्याने वाचलेली आहेत.

व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन हा त्याला बनवणारा. तो डॉक्टरही नाही. जर्मनीतल्या इंगोलश्टाट विद्यापीठात शिकणारा विद्यार्थी आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर फायनल इयरचा प्रोजेक्ट हाताबाहेर गेलेला मुलगा.

गोष्ट काय आहे?

जिनिव्हाचा व्हिक्टर शिकायला परगावी जातो. जीव कशामुळे निर्माण होतो, या प्रश्नाने तो झपाटतो. घरी पत्र नाही, जेवणाचं भान नाही. प्रेतांचे अवयव जमवून तो एक शरीर तयार करतो. नोव्हेंबरच्या एका रात्री ते शरीर डोळे उघडतं.

आणि व्हिक्टर खोलीतून पळून जातो.

हे पुन्हा वाचण्यासारखं आहे. त्या जिवाने अजून काहीही केलेलं नाही. कोणाला मारलं नाही, काही मोडलं नाही. तो फक्त दिसायला भयंकर आहे, म्हणून त्याला बनवणारा पळतो. परत येतो तेव्हा खोली रिकामी असते आणि त्याला हायसं वाटतं. तो शोध घेत नाही, कोणाला सांगत नाही.

तो जीव रानात भटकतो. थंडी, भूक, आग, सगळं एकट्याने शिकतो. एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून लपून राहतो. त्यांचं बोलणं ऐकून भाषा शिकतो, रात्री त्यांच्यासाठी गुपचूप लाकडं आणून ठेवतो. शेवटी धीर करून समोर येतो, तेव्हा त्याला मार खावा लागतो. पुढे बुडणाऱ्या एका मुलीला तो वाचवतो, तर त्याला गोळी घातली जाते. यानंतर त्याचा राग सुडाकडे वळतो.

व्हिक्टरचा लहान भाऊ विल्यम मारला जातो. घरात काम करणाऱ्या निर्दोष जस्टिनला त्या खुनासाठी फाशी होते. खरा खुनी कोण हे व्हिक्टरला कळलेलं असतं, पण लोक वेडा म्हणतील म्हणून तो गप्प राहतो. पुढे त्याचा मित्र आणि मग लग्नाच्याच रात्री त्याची पत्नी मारली जाते. अखेर व्हिक्टर त्या जिवाचा पाठलाग करत उत्तर ध्रुवाच्या बर्फापर्यंत पोहोचतो आणि तिथे एका जहाजावर मरतो.

१८ वर्षांच्या मुलीला हे सुचलं कसं?

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ चा. स्त्रियांच्या हक्कांवर लिहिणाऱ्या मेरी वुल्स्टनक्राफ्ट या तिच्या आई. बाळंतपणातल्या संसर्गाने त्या काही दिवसांतच वारल्या. १८१५ मध्ये मेरीची स्वतःची पहिली मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि दगावली. ते बाळ शेकोटीजवळ चोळल्यावर पुन्हा जिवंत झालं, असं स्वप्न पडल्याची नोंद तिच्या डायरीत आहे. जन्म, मृत्यू आणि पोरकेपण हे तिच्यासाठी कल्पनेतले विषय नव्हते.

१८१६ च्या उन्हाळ्यात ती कवी पर्सी शेलीबरोबर जिनिव्हाच्या तळ्याकाठी होती. शेजारी कवी बायरन राहत होता. पाऊस थांबत नव्हता. घरात अडकलेल्या मंडळींनी प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची, असं ठरलं. त्यातून मेरीची कादंबरी आली.

पाऊस का थांबत नव्हता, याचं उत्तर आशियात होतं. एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. लिखित इतिहासातल्या सर्वांत मोठ्या स्फोटांपैकी तो एक. वातावरणात वर गेलेल्या गंधकाच्या कणांमुळे सूर्यप्रकाश अडला आणि युरोप-अमेरिकेत १८१६ हे 'उन्हाळा नसलेलं वर्ष' ठरलं.

त्या वेळी आपल्याकडे काय चाललं होतं?

तांबोराचा परिणाम मान्सूनवरही झाला. १८१७ मध्ये बंगालमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ उसळली, ती १८१८ मध्ये मुंबईपर्यंत पोहोचली. काही अभ्यासक ही साथ आणि बिघडलेला पाऊस यांचा संबंध जोडतात.

'फ्रँकेन्स्टाईन' १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. छापल्या ५०० प्रती, लेखिकेचं नाव न देता. अनेकांना ती पर्सी शेलीचीच वाटली. त्याच दिवशी इकडे भीमा नदीकाठी कोरेगावची लढाई सुरू होती. सहा महिन्यांच्या आत, जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे दिघी ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्याच्या गावचे. दिघी-श्रीवर्धनचा हा पट्टा तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दीच्या राज्यात होता.

कादंबरीतही हिंदुस्थान डोकावतो. १८३१ च्या सुधारित आवृत्तीत व्हिक्टरचा मित्र क्लेर्व्हल पौर्वात्य भाषा शिकून इथे येण्याचा बेत करतो. हेतू काय, तर युरोपच्या व्यापाराला आणि वसाहतींना हातभार लावणं. म्हणजे त्या काळात महत्त्वाकांक्षा फक्त प्रयोगशाळेत नव्हती. ती जहाजांतून बंदरांवरही उतरत होती.

विजेने मेलेलं जिवंत होतं, असं खरंच वाटत होतं?

हो, आणि त्यामागे खरे प्रयोग होते. इटलीच्या लुइजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाचे पाय विजेने हलतात हे दाखवलं आणि १७९१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यांचे भाचे जोव्हान्नी अल्दिनी यांनी जानेवारी १८०३ मध्ये लंडनमध्ये जाहीर प्रयोग केला. फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेताला त्यांनी बॅटरीच्या तारा जोडल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, मूठ आवळली गेली. बघणाऱ्यांना वाटलं, आता हा उठून बसतो की काय.

आज आपल्याला यामागचं विज्ञान माहीत आहे. स्नायू आणि मज्जातंतूंमध्ये विजेचे संदेश जातात. हृदयाची लय बिघडल्यावर दिला जाणारा शॉक आणि पेसमेकर याच समजुतीवर चालतात. म्हणजे मेरीने ज्या विज्ञानावर भीतीची गोष्ट रचली, तेच विज्ञान पुढे लाखोंचे जीव वाचवायला उपयोगी पडलं. त्यामुळे 'विज्ञानात ढवळाढवळ नको' एवढाच या कादंबरीचा अर्थ काढला, तर तो अपुरा ठरतो.

मग ही गोष्ट भस्मासुराची की कर्णाची?

भस्मासुराची कथा सगळ्यांना माहीत आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल, असा वर त्याने शंकराकडून मिळवला आणि थेट शंकराच्याच मागे लागला. शेवटी विष्णूने मोहिनीरूपात त्याला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावला. या कथेत असुराचा हेतू वाईटच आहे. देणाऱ्याची चूक एवढीच, की त्याने नको त्याला नको ते दिलं. उपायही सोपा आहे: देऊ नका, किंवा दिलंच तर नष्ट करा.

मेरीच्या गोष्टीशी हे जुळत नाही. तिचा जीव जन्मतः दुष्ट नाही. त्याला दुष्ट व्हायला कादंबरीचा बराच भाग लागतो, आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी त्याला हाकललेलं असतं.

महाभारतात याच्याशी जास्त जुळणारी गोष्ट आहे, ती कर्णाची. दुर्वास ऋषींनी कुंतीला मंत्र दिला. तो खरंच चालतो का, या कुतूहलापोटी तिने तो म्हणून पाहिला. आजच्या भाषेत, प्रयोग केला. प्रयोग यशस्वी झाला आणि हातात बाळ आलं. मग लोक काय म्हणतील या भीतीने तिने ते पेटीत घालून नदीत सोडलं. मूल तेजस्वी होतं, कवचकुंडलं घेऊन आलं होतं. दोष मुलात नव्हता. पुढे आयुष्यभर 'तू कोणाचा?' या प्रश्नाने त्याला छळलं, आणि त्याची किंमत शेवटी कुरुक्षेत्रावर सगळ्यांनी मोजली. कुंतीने त्याला सत्य सांगितलं ते युद्ध तोंडावर आल्यावर. पांडवांना सांगितलं ते तो मेल्यावर.

अर्थात कुंती आणि व्हिक्टर एका तराजूत तोलता येणार नाहीत. ती अल्पवयीन, अविवाहित मुलगी होती आणि तिच्यावर समाजाचा धाक होता. व्हिक्टरकडे पैसा होता, शिक्षण होतं, मायेचं घर होतं. त्याच्याकडे ही सबब नाही.

हा फरक नुसता पुराणातला नाही. एखाद्या तंत्रज्ञानाला 'भस्मासुर' म्हटलं की चर्चा 'हवं की नको' एवढ्यावर थांबते. कर्णाची गोष्ट म्हटली की पुढचा प्रश्न येतो: जन्माला घातलंय ना, मग आता त्याच्यासोबत कोण राहणार? फ्रेंच विचारवंत ब्रुनो लातूर यांनीही व्हिक्टरचा गुन्हा निर्मितीचा नसून निर्मिती वाऱ्यावर सोडण्याचा आहे, असं मांडलं होतं. एमआयटी प्रेसने २०१७ मध्ये या कादंबरीची टिपांसह खास आवृत्ती काढली, तीही शास्त्रज्ञ आणि इंजिनीअर यांच्यासाठी.

महाराष्ट्रात असं काही घडलंय?

जगात जनुक बदललेल्या पिकांना विरोधकांनी १९९० च्या दशकात 'फ्रँकेनफूड' म्हणायला सुरुवात केली. भारतात असं पहिलं पीक आलं ते बीटी कापूस. मार्च २००२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. ती मिळवणारी महिको ही बियाणे कंपनी जालन्याची.

यातलं विज्ञान सोपं आहे. मातीत आढळणाऱ्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलं. ते जनुक असं प्रथिन बनवतं, जे बोंडअळीने खाल्लं की ती मरते. सुरुवातीला त्याचा फायदा झाला. बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या आणि शेतकऱ्यांनी हे बियाणं झपाट्याने स्वीकारलं. २००६ मध्ये दोन जनुकांचं पुढचं वाण आलं.

पण शास्त्रज्ञांना पहिल्या दिवसापासून एक गोष्ट माहीत होती. सगळीकडे बीटीच लावलं तर जगणाऱ्या मोजक्या अळ्या त्या विषाला न जुमानणाऱ्या असतील, आणि त्यांचीच पैदास वाढेल. त्यावर उपाय होता. शेताच्या कडेने थोडा साधा कापूस लावायचा. तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करतात आणि प्रतिकार पसरायला वेळ लागतो. म्हणून ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचं साध्या बियाण्याचं छोटं पाकीट दिलं जायचं. शेतकरी त्याला 'रेफ्युजी' म्हणतात.

ते पाकीट बहुतेक ठिकाणी पेरलं गेलं नाही. आपल्याच शेतात अळीसाठी कापूस कोण लावणार? त्याचा खर्च एकट्याचा आणि फायदा सगळ्यांचा. त्यात हंगाम संपल्यावरही पीक शेतात ठेवून फरदड घेण्याची सवय होती, त्यामुळे गुलाबी बोंडअळीला वर्षभर घर मिळालं. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरून काढली. बीटी असूनही.

यात भस्मासुर कोण? बियाण्याने जे करायचं ते केलं. उपायही प्रयोगशाळेत सापडलेला होता, पाकिटात घालून पाठवलेलाही होता. फक्त त्या छोट्या पाकिटामागे कोणी उभं राहिलं नाही. ते का पेरायचं हे बांधावर जाऊन समजावणारा, पेरलं का ते पाहणारा आणि त्याचा खर्च उचलणारा, अशी साखळी तयारच झाली नाही.

आजच्या प्रयोगशाळांत हा प्रश्न कुठे आहे?

कादंबरीला २०० वर्षं झाली त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, चीनचे शास्त्रज्ञ हे जिआनकुई यांनी जनुक-संपादन केलेल्या जुळ्या मुलींचा जन्म झाल्याचं जाहीर केलं. जगभरातून टीका झाली. डिसेंबर २०१९ मध्ये चिनी न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. पण त्या मुली वाढणार आहेत. त्यांच्या तब्येतीवर आयुष्यभर लक्ष कोण ठेवणार, आणि पुढे त्यांना काही झालं तर जबाबदारी कोणाची, हे त्या शिक्षेने ठरत नाही.

एआयमध्येही हेच दिसतं. या क्षेत्रातले आद्य संशोधक जेफ्री हिंटन यांनी मे २०२३ मध्ये गूगल सोडलं, धोक्यांबद्दल मोकळेपणाने बोलता यावं म्हणून. रोज नवं मॉडेल बाजारात येतं आणि त्याची बातमी होते. जुन्या मॉडेलने केलेल्या चुका कोणी निस्तरल्या, याची बातमी क्वचितच होते.

मी इंजिनीअरिंग केलं, तेव्हाही डिझाइनला पूर्ण पेपर असायचा. देखभाल एखाद्या युनिटमध्ये उरकली जायची आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ऑप्शनला टाकली जायची.

दिघीचा संबंध काय?

दिघी बंदर ही प्रयोगशाळेतली निर्मिती नाही. पण 'बनवलं, पुढे काय?' हा प्रश्न इथल्या लोकांनी जवळून पाहिलाय. तारखा बघा.

• २००२: महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड आणि खासगी कंपनी यांच्यात बंदरासाठी ५० वर्षांचा सवलत करार.
• २०१८: कर्जाच्या ओझ्याखाली बंदराची कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत. रोह्यापर्यंत जोडणारा रेल्वेमार्ग तोवर कागदावरच.
• मार्च २०२०: राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची अदानी पोर्ट्सच्या योजनेला मंजुरी.
• फेब्रुवारी २०२१: ७०५ कोटी रुपयांत ताबा पूर्ण. नव्या मालकाकडून १०,००० कोटींहून अधिक गुंतवणुकीची घोषणा.
• २८ ऑगस्ट २०२४: केंद्राची देशात १२ नव्या औद्योगिक शहरांना मंजुरी, एकूण खर्च २८,६०२ कोटी. त्यात महाराष्ट्रातलं एकमेव नाव दिघी.

या यादीतलं 'दिघी बंदर औद्योगिक क्षेत्र' म्हणजे प्रत्यक्षात दिघी गाव नव्हे. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचा भाग असलेली ही सुमारे ६,००० एकर जमीन आतल्या बाजूला, रोहा, माणगाव आणि तळा तालुक्यांत आहे. पण नाव दिघीचं आहे, माल दिघीतून जाणार आहे आणि डोंगरातलं पाणी शेवटी खाड्यांनाच मिळणार आहे.

बंदर कोणी सोडून दिलं, असं म्हणता येणार नाही. ते आज नव्या मालकाकडे आहे. प्रश्न मधल्या काळाचा आहे. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत धनकोंची यादी बनते. बँका, पुरवठादार, कामगार आपापले दावे दाखल करतात. कोणाला किती मिळणार याचा क्रम कायद्याने ठरलेला असतो. खाडीत जाळं टाकणाऱ्याचं नाव त्या यादीत नसतं. गाळ उपसल्याने, जहाजांचा मार्ग बदलल्याने त्याचं काही नुकसान झालं असेल, तर ते कर्ज म्हणून कोणत्याच वहीत लिहिलेलं नसतं. ज्यांनी नोकरीच्या आशेवर वर्षं मोजली, त्यांचंही नाही.

व्हिक्टरची गोष्ट जहाजाचा कप्तान लिहून ठेवतो. जस्टिनची गोष्ट मात्र कोणी लिहून ठेवत नाही. ती फाशी जाते आणि संपते.

प्रकल्पाचं 'पुढे काय' कुठे वाचायचं?

हे प्रश्न विचारायला प्रकल्पाचा विरोधक असावं लागत नाही. पुढच्या चार गोष्टी दिघी, म्हसळा, माणगाव किंवा कोकणातल्या कोणत्याही गावातल्या वाचकाला मोबाइलवरून किंवा तालुक्याला जाऊन करता येतात.

१. जनसुनावणीची नोटीस बघा. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. त्यासाठी किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करणंही बंधनकारक आहे. औद्योगिक वसाहतीसाठी ही सुनावणी आणखी महत्त्वाची, कारण नंतर आत येणाऱ्या प्रत्येक कारखान्यासाठी वेगळी सुनावणी होईलच असं नाही.

२. मंजुरीपत्रातल्या अटी वाचा. 'पर्यावरण मंजुरी मिळाली' एवढीच बातमी होते. त्या पत्रात पाणी, धूळ, सांडपाणी, झाडं याबाबतच्या अटींची यादी असते. ही पत्रं केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर मिळतात.

३. सहामाही अहवाल मागा. अटी पाळल्या का, याचा अहवाल कंपनीने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. कादंबरीच्या भाषेत, व्हिक्टरने जिवाची विचारपूस केल्याचा हा पुरावा.

४. मालक बदलला तरी अटी त्याच. पर्यावरण मंजुरी एका कंपनीकडून दुसरीकडे हस्तांतरित होऊ शकते, पण अटी-शर्ती तशाच लागू राहतात. 'ते आधीच्या कंपनीचं होतं' हे उत्तर चालत नाही.

गावातल्या साध्या रस्त्यावरही हे तत्त्व दिसतं. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या फलकावर रस्ता कोणी बांधला यासोबत पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीची नोंदही असते. सरकारी कंत्राटात 'दोषदायित्व कालावधी' असतो. म्हणजे बांधणाऱ्याने काही काळ तरी आपल्या निर्मितीशी बांधील राहायचं. काही कोटींच्या रस्त्याला हे लागू होतं, तर हजारो कोटींच्या प्रकल्पाबाबत 'पाच वर्षांनी फोन कोणाला करायचा?' हे विचारणं गैर नाही.

शेवटी काय?

कादंबरीच्या मध्यावर एक प्रसंग आहे. आल्प्समधल्या हिमनदीवर तो जीव व्हिक्टरसमोर येतो. व्हिक्टर शिव्या देतो, मारायला धावतो. तो जीव त्याच्यापेक्षा कितीतरी ताकदवान आहे, पण हात उचलत नाही. तो एकच मागणी करतो. माझी बाजू ऐकून घे, मग काय करायचं ते कर. फाशी देण्याआधी तुमचे कायदेही गुन्हेगाराचं ऐकतात, मग माझं का नाही, असा त्याचा सवाल असतो.

म्हणजे 'राक्षसा'ने केलेली पहिली मागणी सुनावणीची होती. व्हिक्टर त्या दिवशी ऐकून घेतो, पण तोवर विल्यम आणि जस्टिन गेलेले असतात. कुंतीनेही कर्णाशी बोलायला युद्धाचा मुहूर्त निवडला होता.

दिघीच्या खाडीवर अजून तेवढा उशीर झालेला नाही. औद्योगिक क्षेत्र उभं राहायचं आहे, बंदर वाढायचं आहे, खाडीवर पूल व्हायचा आहे. पुढच्या जनसुनावणीची नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरात येईल. ती दिसली तर फोटो काढा आणि गावच्या ग्रुपवर टाका.